कल्लप्पाचा नारळ

कल्लप्पा बिराजदाराचं वय किती, या प्रश्नावर शुक्रवार पेठेत सोळा वर्षं वाद चालला होता, आणि तो मिटू नये म्हणून खुद्द कल्लप्पा जातीनं झटत होता. त्याची आई सांगायची, "प्लेगाच्या साली झाला." सोलापुरात प्लेग एकदाच येऊन गेला असता तर गोष्ट सोपी होती. पण प्लेगाचंही पाहुण्यासारखंच. एकदा घर सापडलं की पुन्हा पुन्हा येणार. पहिला प्लेग धरला तर कल्लप्पा चाळिशीला टेकलेला, पुढचा धरला तर तेहतीस-चौतीस, आणि त्याच्याही पुढचा धरला तर ऐन तिशीतला गडी. फुटबॉलचा मोसम जवळ आला की कल्लप्पा शेवटचा प्लेग धरी. मिलचा जिना चढताना गुडघा कुरकुरला की तेवढ्यापुरता पहिला.

"शेवटला पलेग धरला तर आपल्या लग्नात तुमी पाच वर्साचं हुता," असं त्याची बायको काशम्मा म्हणे.

"म्हणूनच तर मला लग्नातलं कायबी आठवत न्हाय," असं कल्लप्पाचं उत्तर ठरलेलं.

या अशा निश्चित वयाचा कल्लप्पा शुक्रवार पेठ फुटबॉल क्लबात सन एकोणीसशे वीसपासून राइट बॅक होता. सोलापुरात तेव्हा शील्डचे सामने होत. त्यात दोन वर्ग होते. पहिल्या वर्गात मिलचे, पोलिसांचे वगैरे तालेवार संघ, दुसऱ्यात उरलेले. शुक्रवार पेठ दुसऱ्यात, आणि तिथंही शेवटून पहिली. रेल्वेसारखा तिसरा वर्ग नव्हता म्हणून. असता तर क्लबानं आनंदानं त्याचं तिकीट काढलं असतं आणि दाराजवळच्या फळीवर बसून प्रवास केला असता. सोळा वर्षांत क्लबाचे कप्तान सात झाले, गोलाचे खांब दोनदा वाळवीनं खाल्ले, चेंडूच्या आतले ब्लॅडर किती फुटले याची गणती नाही. राइट बॅक मात्र तोच.

क्लबाला कचेरी नव्हती. एक पत्र्याची ट्रंक होती, तीच कचेरी. तिच्यात चेंडू, हवा भरायचा पंप, चामडं शिवायचा दाभण आणि अकरा बनियनं. ही ट्रंक कल्लप्पाच्या घरी खाटेखाली असे. बनियनं काशम्मा धुई. सोळा वर्षं ती ती बनियनं आपटत होती, आणि सोळा वर्षं नवऱ्याच्या पायाच्या अंगठ्याला हळद बांधत होती, कारण कल्लप्पा खेळायचा अनवाणी. बूट घालून फुटबॉल खेळणं म्हणजे त्याच्या मते हातमोजे घालून भाकरी थापणं.

कल्लप्पा कापडाच्या मिलमध्ये साचेवाला होता. साचा म्हणजे माग. दिवसभर त्याच्यापुढे धोटा, म्हणजे सुताची कांडी वाहणारी लाकडी होडी, या टोकाकडून त्या टोकाला, त्या टोकाकडून या टोकाला पळत असे. नवीन माणूस धोट्याकडे बघतो, तासाभरात त्याला भोवळ येते. जुना साचेवाला धोट्याकडे बघतच नाही. तो कापडाकडे बघतो, आणि धोटा कुठं जाणार ते त्याला आधीच ठाऊक असतं, कारण धोट्याला जायला जागा दोनच. कल्लप्पानं हेच शास्त्र मैदानावर आणलं होतं. समोरचा फॉरवर्ड कितीही नाचला तरी कल्लप्पा त्याच्या पायाकडे बघत नसे. "त्येला शेवटी येयाचं कुटं हाय? गोलाकडंच की! मग मी कशाला पळू? मी आदीच हितं हाय." असं म्हणून तो गोलापासून पंधरा पावलांवर रोवल्यासारखा उभा राही, आणि दहापैकी सहा वेळा फॉरवर्ड खरोखरच त्याच्या अंगावर येऊन आदळे. उरलेल्या चार वेळांमुळे क्लब दुसऱ्या वर्गात होता.

सोळा वर्षांत त्यानं एकच गोल मारला होता, तोही आपल्याच गोलात. तेव्हा गोलकीपर होता रामहरी, त्याचा बालमित्र. पुढे बारा वर्षं दोघं त्या गोलाबद्दल भांडले.

"तू मारलास," रामहरी म्हणे.

"तू सोडलास," कल्लप्पा म्हणे.

"मला वाटलं तू माज्याकडं दिलास!"

"दिलाच हुता की! घेतला का न्हाईस?"

सन तीसला, मार्शल लॉच्या साली, शहरात जमाव करायला बंदी आली. फुटबॉलला पडली अकरा माणसांची गरज, तेव्हा क्लबाच्या कार्यवाहांनी मोसम बंद केला. कल्लप्पानं केला नाही. रोज भोंगा झाला की चेंडू काखेत मारून तो मिलच्या मागच्या भिंतीपाशी जाई आणि एकटाच भिंतीशी खेळे. एकदा एका शिपायानं हटकलं, तेव्हा कल्लप्पानं मागेपुढे पाहून विचारलं, "जमाव कुटं हाय? मी एक, भिंत एक." शिपाई बराच वेळ विचार करून निघून गेला. त्या मोसमात क्लब एकही सामना हरला नाही, ही गोष्ट कल्लप्पा पुढे अभिमानानं सांगे.

आता नारळाचं. क्लबाची एक जुनी रीत होती. मोसमाच्या पहिल्या सामन्याआधी संघातल्या एका गड्यानं गोलाच्या खांबाशी दगडावर नारळ वाढवायचा, सगळ्यांना खोबरं वाटायचं, आणि ज्यानं नारळ वाढवला त्यानंच मैदानाच्या मधोमध जाऊन मोसमाची पहिली लाथ मारायची. हा मान वर्षानुवर्षं कल्लप्पाचा. बॅकचा गडी पार मधोमध जाऊन लाथ मारी आणि मग सावकाश चालत आपल्या जागेवर येई. तो पोचेपर्यंत बहुधा पहिला गोल झालेला असे, पण रीत ती रीत.

दुसरा नारळ मात्र निराळा. तो भाषणासकट येतो, वर शाल असते, आणि तो घेऊन माणूस घरी जातो तो परत येत नाही. मागच्या साली असा नारळ रामहरीला मिळाला होता. तेव्हापासून तो मैदानाकडेच्या लिंबाखाली बसून सामने बघे, आणि नव्या गोलकीपरनं चेंडू सोडला की दोन्ही हात हवेत झेप घेतल्यासारखे पुढे करून पुन्हा मांडीवर ठेवी.

छत्तीस साली श्रावण लागला. शनिवारी भोंगा होऊन कल्लप्पा घरी येऊन बसतो न बसतो तोच क्लबाचे कार्यवाह गंगाधरपंत दारात उभे. पंत मुन्सिपालटीत कारकून. अतिशय सरळ माणूस. खोटं बोलायची वेळ आली की त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल होत, म्हणून कोणी त्यांना खोटं बोलायला सांगतच नसे. त्या दिवशी पाळ्या आधीच लाल होत्या.

"कल्लप्पा, उद्या मैदानावर जरा लवकर या हो."

"मी कवा उशिरा येतोय, पंत? चेंडू माज्या खाटंखाली हाय. मी आल्याबिगर खेळ हुतोय व्हय?"

"तसं नव्हे. उद्या सामन्याआधी तुमचा सत्कार करायचं योजलंय."

कल्लप्पानं पाण्याचा तांब्या खाली ठेवला. "कशापायी?"

"सोळा वर्षं सेवा केलीत क्लबाची."

"उद्या सतरावं लागंल की."

"हां, ते... ते लागू नये म्हणूनच." पंत बोलून गेले आणि त्यांचे कान आणखी लाल झाले. या खेपेला खरं बोलल्यामुळे.

मग त्यांनी हळूहळू सगळं सांगितलं. पेठेतलाच एक पोरगा, गोपाळ, पुण्याला कॉलेजात इंटरपर्यंत शिकून आला होता. तिथं तो बूट घालून खेळला होता. उद्यापासून राइट बॅक गोपाळ. उद्याचा मोसमाचा नारळही तोच वाढवणार. सामना होटगीच्या रेल्वेवाल्यांशी, आणि गेल्या साली होटगीनं सात गोल घातले होते. क्लबाला आता नवं रक्त हवं.

"मग जुन्या रगताचं काय करायचं?" कल्लप्पानं विचारलं.

"सत्कार," पंत म्हणाले.

"सामन्याआदीच कशाला? मागनं करा."

"मागनं माणसं थांबत नाहीत हो. हरलो की जो तो घरी." पंत पुन्हा खरंच बोलले.

काशम्मा चुलीपुढून हे सगळं ऐकत होती. ती म्हणाली, "बरं झालं बगा, पंत. नारळ तेवढा हलवून घ्या. रामहरीभावजींचा खवट निगाला म्हनं."

पंत गेले. तशी कल्लप्पानं ट्रंक ओढली, चेंडू काढला आणि पंपानं हवा भरू लागला.

"अवो, आता बसा की घरात," काशम्मा म्हणाली. "किती दीस अंगठे फोडून घेनार?"

"घरात बसून काय करू?"

"बाकीची मानसं काय करत्यात?"

"मरत्यात," कल्लप्पा म्हणाला आणि पंपाचा दांडा जोरात दाबला.

 काशम्माला त्याचा हा आवाज ठाऊक होता. भिंतीशी फुटबॉल खेळायच्या साली हाच होता. ती म्हणाली, "मला वाटलं दमला असाल."

"दमलोय की. दमलो म्हणून काय झालं? साचा दमत न्हाय व्हय? मी सोडीन, मला वाटंल तवा सोडीन. दुसऱ्यानं नारळ हातात ठिवला म्हणून सोडायला मी काय भाडेकरू हाय?"

रविवारी तो सगळ्यांच्या आधी मैदानावर पोचला. लिंबाखाली रामहरी होताच.

"कल्ल्या," रामहरी म्हणाला, "आज तुजा नंबर म्हनं."

"व्हय."

"हातात घेऊ नगंस लेका. मी घ्येतला आन् फसलो. घरी न्येला, माज्या बायकूनं, सोजरनं, तसाच खवट वाटणात घातला, दोन दिसात संपला. मी मातर वरीस झालं हितंच बसलोय."

"न घेऊन कसं चालंल? पंत रडंल. मानूस चांगला हाय."

"मग घ्ये आन् ये माज्या शेजारी. लिंब मोठा हाय."

कल्लप्पानं लिंबाकडे पाहिलं. सावली चांगली होती. खाली एक माणूस बसण्याइतकी जमीन रामहरीनं हातानं झाडून ठेवलेली होती. ती जागा पाहून कल्लप्पानं काखेतला चेंडू घट्ट धरला. 

"रामहरी, तू नारळ घरी न्येलास, तितंच चुकलं तुजं," तो म्हणाला आणि मैदानाकडे वळला.

होटगीची मंडळी आली. पंच म्हणून होटगीचेच ईश्वरप्पा गार्ड. त्यांची शिट्टी आगगाडीची होती. ती वाजली की मैदानावरच्या शेळ्यादेखील बाजूला होत. पेठेतली पाऊणशे माणसं जमली. गोलाजवळ टेबल मांडलं. त्यावर दोन नारळ, एक मोसमाचा, एक निरोपाचा, आणि शालीच्या ऐवजी एक चादर, कारण सोलापुरात शाल देणं म्हणजे आपल्याच गावाचा अपमान.

गोपाळ पुढे आला. काळे बूट, गुडघ्यापर्यंत मोजे. मुलगा गुणी होता. वाकून नमस्कार करू लागला तर बूट वाकेनात, म्हणून त्यानं अर्ध्यातच नमस्कार केला.

"अण्णा, राग नाही ना?"

"तुज्यावर कशाला राग? तुजं बूट बग, करकर करत्यात. होटगीवाल्याला तू कुटं हाईस ते डोळं मिटून कळंल."

गंगाधरपंतांनी भाषण केलं. कल्लप्पा हा क्लबाचा आधारस्तंभ आहे, असं ते म्हणाले. आधारस्तंभ काढल्यावर वरच्याचं काय होतं हे त्यांनी सांगितलं नाही. मग चादर कल्लप्पाच्या खांद्यावर आली. कल्लप्पानं सवयीनं तिची किनार बोटात धरून पाहिली आणि पंतांच्या कानात म्हणाला, "ताणा ढिला हाय." टाळ्या झाल्या. मग पंतांनी दोन्ही हातांनी नारळ उचलला आणि दोन्ही हातांनी दिला. कल्लप्पानं तो घेतला, कपाळाला लावला आणि वळून चालू लागला.

चालायचं होतं लिंबाकडे. तो चालला गोलाकडे.

"मैदानाला नमस्कार करतोय," पंत गहिवरून शेजारच्याला म्हणाले आणि त्यांनी उपरण्यानं डोळे टिपले. ते टिपतात न टिपतात तोच खाडकन आवाज झाला. उपरणं बाजूला करून पाहतात तर खांबाच्या बुडाशी दगडावर नारळाची दोन भकलं, पाणी खांबावर, आणि कल्लप्पा एका भकलातलं खोबरं अंगठ्यानं उचकटतोय.

"अहो, अहो, कल्लप्पा!" पंत धावले. "तो निरोपाचा होता! तो फोडायचा नसतो, घरी न्यायचा असतो!"

"नारळावर कुटं लिवलंय?" कल्लप्पा म्हणाला. "घ्या, परसाद घ्या."

आणि पंतांनी घेतला. त्यांचा काही इलाज नव्हता. प्रसाद म्हणताच त्यांचा उजवा हात लहानपणापासून आपोआप पुढे येई, खाली डावा येई, आणि मग दोन्ही तोंडाकडे जात. तोंडात खोबरं असताना माणसाला नाही म्हणता येत नाही. कल्लप्पानं गोपाळला दिलं, लेफ्ट बॅक रावजीला दिलं, होटगीवाल्यांना दिलं, ईश्वरप्पा गार्डांना सगळ्यांत मोठा तुकडा दिला. बाविसावं तोंड हलू लागल्यावर त्यानं चादर खांबावर टाकली, चेंडू घेतला आणि मैदानाच्या मधोमध जाऊन उभा राहिला.

"अहो, पण संघ ठरलाय!" पंतांनी एकदाचं खोबरं गिळलं. "गोपाळनं नारळ वाढवायचाय!"

"वाढवू दे की," कल्लप्पा तिथूनच ओरडला. "एका खांबाला दोन म्हूर्त चालत असलं तर वाढवू दे."

पंतांच्या तोंडचं पाणी पळालं. एका कार्याला दोन मुहूर्त, ही कल्पना त्यांच्या घराण्यात कोणी केली नव्हती. त्यांनी टेबलावरच्या दुसऱ्या नारळाकडे पाहिलं, दगडावरच्या ओल्या डागाकडे पाहिलं आणि मग पंचांकडे पाहिलं.

"गार्डसाहेब, तुम्हीच सांगा."

ईश्वरप्पा गार्डांनी खोबरं सावकाश चावून संपवलं. मग म्हणाले, "हे बगा पंत. आमच्या खात्यात एक नियम हाय. शिट्टी झाली की डब्यात हाय तो परवासी, फलाटावर हाय तो पोचवायला आलेला." आणि कोणी काही बोलायच्या आत त्यांनी आगगाडीची शिट्टी फुंकली.

कल्लप्पानं लाथ मारली. मोसम सुरू झाला.

राहिला प्रश्न एकच, मैदानावर शुक्रवार पेठेचे गडी बारा झाले होते. पण तो प्रश्न लेफ्ट बॅक रावजीनं चुटकीसरशी सोडवला. "मी बसतो की! तीन वर्सं म्हंतोय मला बसवा, कुणी ऐकतंय व्हय?" असं म्हणत तो पळतच लिंबाखाली गेला आणि रामहरीनं झाडून ठेवलेल्या जागेवर फतकल मारून बसला. रावजी अवघा सत्तावीस वर्षांचा, तेव्हा त्याला नारळ द्यावा असं कुणाच्या मनातच आलं नव्हतं.

गोपाळ लेफ्ट बॅकला गेला. होटगीचा फॉरवर्ड होता ज्ञानू, इंजिनावरचा फायरमन. कोळसा ओढून ओढून त्याच्या मांड्या खांबासारख्या झाल्या होत्या आणि पळायचा असा की मागे धूर निघतो की काय ते बघावं. पहिल्या पाच मिनिटांत त्यानं गोपाळला दोनदा जमीन दाखवली. तिसऱ्यांदा तो गोपाळच्या बाजूनं निघाला, गोपाळ करकरत मागे, आणि कल्लप्पा आपला पंधरा पावलांवर उभा.

"अण्णा, पळा ना!" गोपाळ ओरडला.

"पळतोय की त्यो! मी कशाला?"

ज्ञानू डावीकडे गेला, उजवीकडे आला, पुन्हा डावीकडे झुकला. कल्लप्पानं त्याच्या पायाकडे एकदाही पाहिलं नाही. तो त्याच्या कमरेकडे बघत होता, कापडाकडे बघावं तसा. मग त्यानं एकच पाऊल टाकलं, डावं. ज्ञानू येऊन आदळला. ज्ञानू पडला, कल्लप्पा पडला, आणि चेंडू तेवढा शहाण्यासारखा रेषेबाहेर गेला.

"दुखलं का बाप्पा?" कल्लप्पानं उठता उठता विचारलं.

"तुमी मानूस हाय का फाटक?" ज्ञानू म्हणाला.

"फाटकच. हितनं गाडी जात न्हाय."

हाफटाइमपर्यंत हे असंच चाललं. सात वेळा ज्ञानू आला आणि सात वेळा फाटक बंद होतं. हाफटाइमला कल्लप्पाचा उजवा अंगठा फुटलेला होता, गुडघा पहिल्या प्लेगाची आठवण करून देत होता, आणि छाती भात्यासारखी चालली होती. पंत पाणी घेऊन आले.

"कल्लप्पा, पुरे आता. मान राखलात. रावजीला बोलावतो."

"रावजी न्हाय येयाचा. त्येला सावली घावलीय." कल्लप्पानं चूळ भरली. "पंत, तुमचा सात गोलांचा आकडा किती झाला?"

"शून्य," पंत म्हणाले, आणि त्यांचे कान लाल झाले नाहीत.

गोपाळ बुटाच्या नाड्या सोडत बसला होता. त्याच्या टाचेला फोड आले होते. "अण्णा, तुम्हाला तो कुठं जाणार ते कळतं कसं?"

"धोट्याकडं बघायचं न्हाय. त्येच्या नादाला लागलास की भोवळ येती. त्यो आल्यावर कुटं पोचनार त्येवढं बगायचं आन् आदी जाऊन हुबं ऱ्हायाचं. तू पुन्याला पळायला शिकलास. हुबं ऱ्हायला कुनी शिकवलं न्हाय तुला."

दुसऱ्या अर्ध्यात गोपाळ अनवाणी उतरला. एक-दोनदा पळाला, मग त्याच्या लक्षात आलं आणि तोही थांबला. आता मैदानावर फाटकं दोन झाली. होटगीवाले चिडले. शेवटच्या दोन मिनिटांत त्यांचे पाच जण एकदम आले. ज्ञानूनं गोपाळला चुकवलं, कल्लप्पाच्या उजवीकडून चेंडू ढकलला, आणि कल्लप्पाचा गुडघा त्या पावलाला उठेना. चेंडू पुढे गेला. गोलकीपर भलत्याच बाजूला पडला. लिंबाखाली रामहरीचे दोन्ही हात हवेत गेले.

कल्लप्पा पळाला. सोळा वर्षांत शुक्रवार पेठेनं त्याला पळताना पाहिलं नव्हतं. ते पळणं पळण्यासारखं नव्हतंच; लंगडं खुरटं कोंबडं पाटीखाली शिरतं तसं काहीतरी होतं. पण चेंडू रेषेवर पोचायला आणि कल्लप्पा त्याच्यावर पोटानं पडायला एकच गाठ पडली. खांबाशी नारळाच्या पाण्यानं जमीन ओली होती. कल्लप्पा चेंडूसकट घसरत बाहेर गेला आणि खांबावरची चादर त्याच्या डोक्यावर पडली.

शिट्टी झाली. शून्य-शून्य.

कोणीच जिंकलं नव्हतं. पण शुक्रवार पेठेला न हरण्याची सवय नसल्यानं तिनं तोच विजय मानला. रामहरी लिंबाखालून उठून धावत आला, त्यानं चादर काढली आणि खाली कल्लप्पा आहे हे पाहून त्याला एक गुद्दा घातला.

"ह्यो अडवलास! मग माज्या वक्ताचा का न्हाई अडवलास?"

"त्यो मीच मारला हुता की!" कल्लप्पा म्हणाला.

बारा वर्षांचं भांडण असं एका वाक्यात संपलं.

गंगाधरपंत मात्र अजून टेबलाशी उभे होते. त्यांच्या हातात मोसमाचा नारळ होता, अख्खा. आता तो कुणाचा, हे त्यांना कळत नव्हतं. मोसम तर सुरू होऊन एक सामना संपलाही होता.

"मला द्या, पंत," रावजी म्हणाला. "मी घिऊन घरी जातो, लई आनंदानं जातो."

कल्लप्पा लंगडत पुढे आला. त्यानं नारळ पंतांच्या हातातून घेतला आणि त्यांच्या कानाशी नेऊन हलवला.

"वाजतंय का?"

"वाजतंय."

"पानी हाय. ह्यो ट्रंकंत ठिवा. दर साली मोसमाआदी येऊन हलवा. ज्या साली वाजायचं थांबंल, त्या साली माज्या हातात द्या. मी मुकाट्यानं घरी जाईन, लिंबाखालीबी बसीन. तवर माजी जागा कुनी हलवायची न्हाय."

पंतांना हा तोडगा एकदम पटला. लेखी नसला तरी त्याला पुरावा होता, आणि मुन्सिपालटीतल्या माणसाला तेवढं पुरतं. नारळ ट्रंकेत गेला, चेंडू आणि पंपाच्या मध्ये.

पुढच्या साली पहिल्या सामन्याच्या आदल्या दिवशी पंत आले. काशम्मानं ट्रंक ओढून दिली. पंतांनी नारळ कानाशी धरला, हलवला, डोळे मिटून ऐकला. वाजत होता. त्याच्या पुढच्या साली पुन्हा आले. पुन्हा वाजला. पंतांनी नारळ फिरवून फिरवून पाहिला.

"कमाल आहे बुवा. गतसालापेक्षा यंदा जास्तच वाजतोय."

"चांगल्या झाडाचा असंल," काशम्मा म्हणाली आणि चुलीकडे वळली.

कल्लप्पा जेवायला बसला होता. भाकरीवर शेंगाची चटणी. त्यानं घास घेतला, चावला आणि थबकला.

"यंदाबी चटणीत खोबरं लई घातलंस की. मागल्या सालीबी ह्याच दिसांत घातलं हुतंस."

"खावा गप," काशम्मा म्हणाली. "आन् अंगठ्याला आत्ताच हळद लावून ठिवते, उद्या पळायचं हाय न्हवं?"

"पळतंय कोन?" कल्लप्पा म्हणाला. "मी हुबा ऱ्हातो."